वर पावलांचा आवाज

त्या नाटकात वडील दिसतच नाहीत. पडदा उघडतो तेव्हा ते भांडून माडीवर निघून गेलेले असतात आणि पडदा पडतो तरी खाली येत नाहीत. खाली दोन मुली आणि एक जावई, घर विकायचं की ठेवायचं यावरून एकमेकांची उणीदुणी काढत बसतात आणि मधूनच छताकडे बघून आवाज उतरवतात, कारण वर म्हातारा फिरत असतो. म्हातारा म्हणजे कसा, तर ताठ कण्याचा, कडक, सगळं घर धाकात ठेवणारा. प्रेक्षकांना त्याचा केससुद्धा दिसत नाही. लेखकाने त्याच्यासाठी संहितेत कंसात तीन शब्द खर्च केले आहेत: वर पावलांचा आवाज. असे ते तीन शब्द सतरा ठिकाणी येतात, आणि त्या सतराही ठिकाणी गेली बावीस वर्षं जे गृहस्थ चालत आले त्यांना नाटक मंडळीत सगळे ‘वरचे’ म्हणत.

वरचे मूळचे सुतार. नाटकगृहाच्या मागे जी लांबोडकी शेड आहे तिथे नेपथ्याची दारं, खिडक्या, जिने ठोकायचं काम त्यांचं. या नाटकासाठी त्यांनी नऊ पायऱ्यांचा खराखुरा जिना केला होता. तो रंगमंचावरून वर चढतो, वळतो आणि काळ्या पडद्यामागे विंगेत बारा फूट लांबीच्या एका लाकडी माचावर संपतो. तालमी चालू होत्या तेव्हा एका दुपारी वरचे त्या माचावर एकटेच येरझाऱ्या घालत होते. आपण बसवलेली सागाची एक फळी काढून तिथे कुणीतरी हलकं लाकूड टाकलंय, असा त्यांना दाट संशय आला होता. ते चार पावलं टाकत, थांबत, टाचेने ठोकून कान देत, पुन्हा चालू लागत. खाली तालीम चालली होती, ती थांबली.

“वर कोण आहे?” दिग्दर्शकाने विचारलं.

“सुतार.”

“सुतार नाही, बाबा आहेत. परत चाला.”

फळी सागाचीच निघाली. पण पावलांचा आवाज ध्वनिमुद्रित करून लावायचा बेत त्या दिवशी बारगळला. ते दिग्दर्शक आता हयात नाहीत. ते असेपर्यंत सांगायचे की चालणारे पैशाला पासरी मिळतात, पण चालता चालता खालच्या माणसांवर संशय घेणारा एकच मिळाला.

आणि संशय म्हणजे तरी किती घ्यावा माणसाने. वरच्यांच्या हत्यारांच्या पेटीला दोन कुलपं असत आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या खिशांत. भाजी घ्यायला जाताना ते स्वतःचं अर्ध्या किलोचं वजन पिशवीत घालून नेत आणि भाजीवाल्याच्या तराजूवर ठेवून बघत. एकदा रक्तदाब तपासला तर आकडा पटला नाही म्हणून आणखी दोन ठिकाणी तपासला. तीन ठिकाणी तीन आकडे आले. तेव्हापासून त्यांनी डॉक्टर या जमातीच्या नावाने कानाला खडा लावला. त्यांची बायको शेजारणींना सांगायची, “यांना आरसा दाखवला तर हे आधी मागे वळून बघतील, कोण उभं आहे म्हणून.”

पण त्यांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. दोन फळ्या आणि एक काठी एवढ्यात अख्खा माणूस उभा राहतो, हे ज्याने बावीस वर्षं स्वतःच्या पायांनी केलंय, त्याने जगात कशावर विश्वास ठेवावा? एकदा प्रयोगानंतर चहाच्या खिडकीपाशी एक बाई डोळे पुसत मैत्रिणीला म्हणाल्या, “वडील कसे उंचेपुरे होते ना, माझ्या सासऱ्यांसारखे.” वरचे शेजारीच कप घेऊन उभे होते. त्यांची उंची पाच फूट दोन इंच. त्यांना आनंद झाला, हे खरंच. पण घरी जाताना मनात आलं, की या बाईला जर मी इतका गंडवू शकतो, तर मला कोण कोण गंडवत असेल?

बायको पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसायची. तिच्या कचेरीत एक साहेब होते. साहेबांना उशीर चालत नाही, साहेबांना रजा आवडत नाही, साहेब रविवारीसुद्धा बोलावतात. एकोणीस वर्षं त्या साहेबांनी या घराच्या जेवणाच्या वेळा ठरवल्या आणि एकोणीस वर्षांत वरच्यांना त्यांचा साधा फोटोही बघायला मिळाला नाही. “साहेब नावाचा माणूस आहे ना नक्की?” असं ते दर दोन-चार महिन्यांनी विचारत. बायको पोळी लाटता लाटता म्हणे, “नाही. मीच कपाटामागून खोकते.” यावर ते हसत नसत. ते खरंच विचारात पडत.

नाटकातल्या बाबांची सगळी कुंडली वरच्यांनी स्वतः मांडली होती. लेखकाला बाबांची नोकरीही ठाऊक नव्हती. वरच्यांना ठाऊक होतं की बाबा टपाल खात्यात होते, त्यांना गुळमुळीत बोलणारी माणसं आवडत नाहीत, आणि माडीवरच्या खिडकीतून समोरच्या गल्लीचा कोपरा दिसतो. रागाने चालणं वेगळं, खालचं ऐकू यावं म्हणून हळू चालणं वेगळं, आणि झोपलोय असं भासवून एकच पाऊल टाकणं वेगळं. प्रयोगाआधी ते राखाडी स्वेटर घालत, जाड तळाच्या चामडी चपला चढवत आणि रंगभूषेच्या खोलीत जाऊन मिशीला थोडा पांढरा रंग लावून घेत. “अहो, कोण बघणार आहे?” असं विचारलं की म्हणत, “बाबा बघतात.”

गेल्या वर्षभरात मात्र जगाने त्यांच्याविरुद्ध जरा जास्तच आघाडी उघडली होती. चपला शिवणाऱ्याने डाव्या चपलेला हलकं चामडं लावलं, कारण तिचं टोक दोन महिन्यांत घासून गेलं आणि उजवी तशीच्या तशी राहिली. शिंप्याने शर्टाची काजं लहान केली, डाव्या हाताने बटण लागेना. घरातल्या दोन कपांचे कान कारखान्यातच सदोष निघाले, म्हणून ते हातातून निसटले. बायको एकदा म्हणाली, “अहो, जिना चढताना तुमचा पाय…” वरच्यांनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. “तुला मी घरी बसायला हवाय,” ते म्हणाले. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि तिने तो काढला नाही याचाही त्यांना संशय आला.

तर अशा माणसाला, एका शनिवारी दुपारी तीन वाजता, चारच्या प्रयोगाआधी, आपल्या माचाच्या फळीखाली सुपारीएवढा काळा माइक चिकटवलेला सापडला.

वरच्यांनी त्याला हात लावला नाही. ते गुडघ्यावर बसून त्याच्याकडे बघत राहिले. माइकची वायर पडद्यामागून, दोन ठिकाणी चिकटपट्टीने नीट दाबून, थेट साउंडवाल्याच्या खोलीकडे गेली होती. काम नीटनेटकं होतं. घाईघाईत केलेलं नव्हतं. म्हणजे ठरवून केलं होतं, आणि जे ठरवून केलं ते आपल्याला सांगितलं नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

साउंडवाला हा चाळिशीचा, टक्कल पडलेला, शांत माणूस. त्याच्या खोलीत जाऊन वरच्यांनी इकडचं तिकडचं बोलून बघितलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय रे, माचाखाली काही वायर टाकलीस काय?”

साउंडवाला एकदम खुर्चीतून उठला आणि काहीच कारण नसताना पंखा चालू केला. “ती होय. ती… तपासणी चाललीय जरा.”

“कसली?”

“थोरलीला विचारा,” तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

थोरली म्हणजे नाटकात थोरल्या मुलीचं काम करणारी नटी. चोविसाव्या वर्षी ती या नाटकात आली, आता शेचाळीस झाली. धाकटीचं काम करणाऱ्या चार जणी बदलल्या, जावई तीन झाले, पण थोरली आणि वरचे तेच राहिले. सगळ्या नाटकात बाबांशी बोलते ती एकटीच. छताकडे बघते, थांबते, वरून पावलं येतात, ती पुढचं वाक्य घेते. बावीस वर्षं दोघांनी असं एकमेकांशी बोलण्यात काढली होती. वरचे जगात कुणावर थोडाफार भरवसा ठेवत असतील तर तो तिच्यावर. म्हणून तर साउंडवाल्याच्या तोंडून तिचं नाव निघालं तसे ते तडक खोलीबाहेर पडले.

ते तिला विचारायला गेले नाहीत. विचारलं की माणसं सावध होतात, हे त्यांचं जुनं शास्त्र. ते डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. आणि बघायला लागल्यावर काय, दिसायला भरपूर होतं. ते खोलीत शिरले की थोरलीचं फोनवरचं बोलणं तुटायचं. एकदा दारातून ऐकू आलं, “त्यांना कळता कामा नये,” आणि त्यांना बघताच ती म्हणाली, “काका, या ना, चहा घ्या.” त्यांनी चहा घेतला नाही. घरी बायकोचा फोन वाजायचा आणि ती तो घेऊन गॅलरीत जायची. “कोण?” “कचेरीतलं.” कचेरीतलं माणूस संध्याकाळी सात वाजता फोन करतं आणि ही त्याला ‘बाळा’ म्हणते, असं कोणत्या कचेरीत होतं? त्यांनी ताडलं की कट घरापर्यंत पोचलाय.

पुढच्या शनिवारी साउंडवाला जेवायला बाहेर गेला आणि वरचे त्याच्या खोलीत गेले. असं दुसऱ्याच्या खोलीत शिरणं त्यांना शोभत नव्हतं. त्यांना त्याची लाज वाटली आणि तरीही ते शिरले. संगणकाच्या पडद्यावर दोन फायली उघड्याच होत्या. एकीचं नाव ‘वरचे जुने’, दुसरीचं ‘वरचे नवे’. जुनी अकरा वर्षांपूर्वीची होती, पाचशेव्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण झालं होतं तेव्हाची. नवी गेल्याच आठवड्यातली.

त्यांना आता काही विचारायची गरजच उरली नाही. पावलांचं ध्वनिमुद्रण करायचं, त्यातल्या त्यात बरं निवडायचं, आणि एक दिवस मिठ्ठास आवाजात सांगायचं, काका, आता विश्रांती घ्या. बायकोला आधीच फितवून ठेवायचं, म्हणजे घरीही कुणी बाजू घेणार नाही. बटण दाबलं की बाबा चालतील. बाबा दमणार नाहीत, बाबा चहा मागणार नाहीत. वरचे त्या खुर्चीत बसले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. रागाने, असं त्यांना वाटलं.

रात्रभर त्यांनी विचार केला आणि सकाळी दाढी करताना ठरवलं. गालाला दोनदा कापलं, पातं बोगस होतं. पण ठरलं ते पक्कं ठरलं. ध्वनिमुद्रणाला जे कधीच जमणार नाही ते आज करायचं.

रविवारचा प्रयोग भरलेला होता. पहिला अंक नेहमीसारखा गेला. दुसऱ्या अंकात अकरावी जागा येते. धाकटी म्हणते, “त्यांना विचारायचंच कशाला?” आणि वर बाबा सात पावलं चालून थांबतात. वरच्यांनी सात पावलं टाकली, पण ते थांबले नाहीत. ते जिन्याच्या तोंडाशी आले, काठी टेकवली आणि पहिली पायरी उतरले.

जिना त्यांनीच बांधलेला. वरच्या तीन पायऱ्या प्रेक्षकांना दिसत नाहीत, चौथीवर पाऊल पडलं की चप्पल दिसते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. ते दुसरी पायरी उतरले. तिसरी उतरले. आणि उभे राहिले.

खाली कुणी हललं नाही. जावयाचं वाक्य होतं, त्याने ते गिळलं. बावीस वर्षांत बाबा कधी खाली आले नव्हते आणि आता ते येत होते. पाचशे माणसांनी श्वास धरला होता आणि ती शांतता वरच्यांना अंधारात उभं राहून अंगावर जाणवत होती. घ्या म्हणावं ध्वनिमुद्रण, ते मनात म्हणाले.

मग थोरलीचा आवाज आला. “बाबा, तिथेच थांबा. मी वर येते.”

हे वाक्य नाटकात नाही. नाटकात कुणीच वर जात नाही. ती जिना चढू लागली, प्रकाशातल्या सहा पायऱ्या सगळ्यांना दिसत चढली आणि काळ्या पडद्यामागे नाहीशी झाली. खाली धाकटी आणि जावई माना वर करून उभे राहिले, आणि त्यांच्यासोबत अख्खं नाटकगृह.

पडद्यामागे दोघं समोरासमोर आली. तिला जागा द्यायला ते एक पायरी मागे सरले; ती एक पायरी खाली, ते वर.

“काय करताय काका?” ती कुजबुजली.

“तेच मी तुला विचारतोय. माझ्या फळीखाली माइक कुणी लावला?”

“मी लावायला सांगितला.”

ती नाकबूल करेल आणि मग आपण तिला पकडू, अशी त्यांची तयारी होती. कबुलीची नव्हती. तिने त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला.

“माझा हात दाबा. जोरात.”

“हे काय आता?”

“दाबा ना.”

त्यांनी जीव खाऊन दाबला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली.

“दाबलात?” तिने विचारलं.

वरच्यांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं.

“पहिल्या अंकात ‘आई असती तर’ म्हणून मी थांबते,” ती भरभर बोलू लागली, “तुमचं सहावं पाऊल पडतं आणि मी पुढचं बोलते. बावीस वर्षं तसंच चाललंय. गेले आठ महिने मी थांबते आणि सहावं पाऊल येत नाही. उशिरा येतं. डावं आहे ते. मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, घरच्या जिन्यावर त्यांनाही तसंच ऐकू येतं. पण तुम्हाला सांगायचं कुणी? तुम्हाला स्वतःच्या कानांशिवाय कुणाचं खरं वाटतं? म्हणून जुनं आणि नवं दोन्ही ऐकवायचं ठरवलं. आजच, प्रयोग झाल्यावर. काकू शेवटच्या रांगेत बसल्यात.”

खालून कुणीतरी खोकलं. तिला जायला हवं होतं. तिने त्यांचा हात सोडला आणि विचारलं, “अजून सहा जागा आहेत. चालाल?”

“चालेन,” ते म्हणाले. “जा तू.”

ती खाली उतरली, प्रकाशात आली आणि धाकटीला म्हणाली, “त्यांना एकटं राहायचंय,” आणि नाटक पुढे चालू झालं. वरच्यांनी उरलेल्या सहाही जागा घेतल्या. बाबा रागावलेत की कान देतायत, हे त्यांना एकाही वेळी आठवलं नाही. ते फक्त स्वतःचे पाय ऐकत होते, आणि लक्ष देऊन टाकलेलं पाऊल काय, ते नीटच पडणार.

प्रेक्षक निघून गेल्यावर साउंडवाल्याने त्यांच्या कानांवर हेडफोन बसवले. आधी जुनं लावलं. वरच्यांनी डोळे मिटले. चालत होता तो माणूस उंच होता, टपाल खात्यात होता, आणि खालच्या एकाही शब्दावर त्याचा विश्वास नव्हता. वरच्यांनी इतक्या वर्षांत त्याला असं बाहेरून कधी ऐकलंच नव्हतं. त्यांना त्याची भीतीही वाटली आणि कौतुकही.

मग नवं लावलं. त्यांनी ते अर्ध्यात थांबवायला सांगितलं.

“हे मी नाही,” ते म्हणाले. “यात काहीतरी केलंय तुम्ही.”

साउंडवाला काही बोलला नाही. थोरली बोलली नाही. बायको दारात पिशवी धरून उभी होती, तीही बोलली नाही. तिघांपैकी एकाने जरी वाद घातला असता तरी वरच्यांना बरं वाटलं असतं.

ते उठले आणि रंगमंचावर गेले. सगळे दिवे लावायला सांगितले. माचावर नाही, पडद्यामागे नाही, खाली, उघड्यावर, जिथे ते बावीस वर्षांत प्रयोगाच्या कपड्यांत कधी उभे राहिले नव्हते. राखाडी स्वेटर, पांढरी केलेली मिशी, हातात काठी. बायको, थोरली आणि साउंडवाला पहिल्या रांगेत येऊन बसले.

वरचे एका टोकापासून चालू लागले आणि चार पावलांवर थांबले. “असं नाही कळायचं,” ते म्हणाले. “माझं लक्ष पायांवर जातंय.” कितीही झालं तरी ते कसबी कारागीर होते, तपासणी कशी करायची हे त्यांना कळत होतं. ते बायकोला म्हणाले, “तू काहीतरी बोल.”

“काय बोलू?”

“काहीही. मी उत्तर देत देत चालतो.”

बायकोने मांडीवरची पिशवी सरळ केली. “उद्या साडेनऊची वेळ घेतलीय,” ती म्हणाली.

“कुणाची?” वरचे चालू लागले.

“डॉक्टरांची. मेंदूचे आहेत ते. तीन आठवड्यांपूर्वीच घेतली होती. दोनदा पुढे ढकलली.”

“का?”

“तुम्ही आला नसता म्हणून. नुसतं सांगून तुम्ही…” तिने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. “दोनदा फोन करून मी त्यांना सांगितलं, यांना बरं नाही, आज येता येत नाही. फोन ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं आणि मग रडू आलं. बरं नाही म्हणून डॉक्टरकडे येता येत नाही, असं कुणी सांगतं का?”

वरचे तिचं बोलणं ऐकत होते आणि त्या बोलण्याखालून त्यांना ते ऐकू आलं. उजवं पाऊल पडलं. मग काहीच नाही. मग फळीवरून काहीतरी घासत आलं आणि पडलं. पुन्हा उजवं, पुन्हा ती मधली जागा, पुन्हा ते घासणं. इथे कुणी वायर टाकलेली नव्हती, कुणी फाईल बनवलेली नव्हती. फळ्या त्यांच्या होत्या, चपला त्यांच्या होत्या, कान त्यांचेच होते.

ते रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला पोचले आणि वळले. पहिल्या रांगेतली तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती. तिघांच्याही नजरा त्यांच्या डाव्या पायावर होत्या.

“साडेनऊ,” वरचे म्हणाले. “रांग असेल. नऊलाच जाऊ.”

बायकोने मान हलवली. थोरलीने पदराने नाक पुसलं. मग साउंडवाल्याने शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, “काका, शनिवारचा प्रयोग रद्द म्हणून कळवू का?”

“रद्द कशाला?” वरच्यांनी काठी जिन्याला टेकवून ठेवली आणि स्वेटर काढायला घेतला. डावी बाही निघेना, तेव्हा थोरली वर आली आणि तिने ती हलकेच ओढली. त्यांनी ओढू दिली. “जुनं आहे ना तुझ्याकडे? ते लाव. नवं लावू नकोस,” ते म्हणाले. “बाबांना काहीही झालेलं नाही.”